टायमिंग लाइटचा आकडा खरा कधी मानावा

डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागाचा) क्लॅम्प सैल करून गाडीचे टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, नुसत्या कानावर लावणारे मिस्त्री अजून आहेत. यात मेख अशी की स्लोला (एक्सलेटर न दाबता) टायमिंग जरा पुढे नेले की इंजिनाचा वेग वाढतो आणि आवाज गुळगुळीत वाटतो. त्यामुळे कान नेहमी गरजेपेक्षा जास्त ॲडव्हान्सकडे, म्हणजे स्पार्क लवकर पाडण्याकडे, ओढतो. गाडी गॅरेजच्या दारात छान वाटते आणि कसाऱ्याच्या चढावर टॉप गिअरमध्ये खडखडायला लागते. म्हणून टायमिंग लाइट हवीच. पण लाइट हातात आली म्हणजे आकडा खरा मिळाला, असेही नाही.

टायमिंग लाइटला इंजिनाच्या आतले काहीच कळत नाही. एक नंबरच्या प्लगच्या वायरमधून करंट गेला की ती एकदा लखकन पेटते, एवढेच तिचे काम. त्या क्षणी पुलीवरची खूण कुठे होती ते आपण वाचतो. हे करताना आपण तीन गोष्टी गृहीत धरतो: लाइट खरोखर एक नंबरच्याच स्पार्कला पेटली, पुलीवरची खूण खरोखर पिस्टनच्या सर्वोच्च जागेची आहे, आणि मॅन्युअलमधला आकडा ज्या स्थितीसाठी दिला आहे त्याच स्थितीत इंजिन चालू आहे. यातले एक जरी चुकले तरी आकडा चुकतो, आणि तो चुकीचा आकडाही अगदी स्थिर, विश्वासार्ह दिसतो. डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी या तिन्हींची परीक्षा घ्यायची.

पुढचे सगळे डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांना धरून आहे: पद्मिनी, १४८९ सीसीची जुनी ॲम्बेसडर, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आणि त्यांच्या बरोबरीच्या इतर. संगणकावर (ईसीयूवर) चालणाऱ्या इंजिनांबद्दल शेवटी थोडेसे.

खूण खरी आहे का

आधी खूण शोधा. ॲम्बेसडरच्या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या पुलीच्या कडेला एक खाच असते आणि टायमिंग कव्हरला दातांसारखी टोके असतात. सर्वांत लांब टोक टीडीसीचे, म्हणजे पिस्टनच्या सर्वोच्च जागेचे, बाकीची ५ आणि १० अंशांची. ही टोके खालच्या बाजूला असल्यामुळे अनेकांना ती दिसतच नाहीत. मारुती ८०० मध्ये खुणा पुलीवर न शोधता फ्लायव्हीलवर शोधा. बेल हाउसिंगवरच्या छोट्या खिडकीचे रबरी बूच काढले की त्या दिसतात.

वर्षानुवर्षांचे ग्रीस आणि धूळ रॉकेलच्या फडक्याने पुसून काढा. खाचेत पांढरा खडू घासा किंवा कागदावर खाडाखोड झाकायचा व्हाइटनर भरा, आणि वाळल्यावर वरचा थर फडक्याने पुसून टाका, म्हणजे पांढरा रंग फक्त खाचेत उरेल. सगळीकडे फासलेला जाड पट्टा निरुपयोगी असतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा परीघ ४७१ मिलिमीटर, म्हणजे एका अंशाला सुमारे १.३ मिलिमीटर. खूण २ मिलिमीटर जाड झाली की दीड अंशाचा गोंधळ तिथेच सुरू झाला. व्हाइटनरने फक्त टीडीसीची खूण रंगवा आणि हव्या असलेल्या अंशाच्या टोकाला दुसरा रंग द्या. दोन्ही पांढरी केली की लाइटखाली कोणती कोणती ते कळत नाही.

आता ती खूण खरी आहे का ते तपासा. काही गाड्यांत क्रँकची पुली दोन भागांची असते, आतला गाभा आणि बाहेरचे कडे, मध्ये रबर. रबर जुने झाले की बाहेरचे कडे हळूहळू घसरते आणि खूण दहा-पंधरा अंशांनीही सरकू शकते. इंजिन कधी उघडले असेल आणि पुली किंवा टायमिंग कव्हर दुसऱ्या गाडीचे बसवले असेल, तर तोच प्रकार. अशा वेळी प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून 'पिस्टन वर आला' हे बघणे निव्वळ समाधानासाठी आहे. ॲम्बेसडरच्या या इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, तरीही टीडीसीच्या अलीकडच्या ५ अंशांत पिस्टन जेमतेम ०.२ मिलिमीटर सरकतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकावर एवढा फरक कोणालाच कळणार नाही.

योग्य पद्धत पिस्टन अडवण्याची. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी अंगात आटे पाडून एक बोल्ट बसवा. त्याचे टोक गोल घासून घ्या, नाहीतर पिस्टनच्या डोक्यावर ओरखडा पडेल. बोल्टची लांबी अशी ठेवा की पिस्टन टीडीसीच्या २० ते ४० अंश आधी अडेल. टीडीसीच्या फार जवळ अडवला तर वर सांगितलेलीच अडचण येते, कारण तिथे पिस्टन जवळजवळ थबकलेला असतो.

बॅटरीची वायर काढा. हे टाळू नका. अडथळा बसवलेला असताना कोणी चावी फिरवली तर पिस्टनला भोक पडेल. सगळे प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलके फिरेल. ज्या गाडीला हँडल मारायची सोय आहे तिचे हँडल वापरा, नाहीतर क्रँकच्या नटाला पाना लावा. अडथळा बसवण्याआधी एक नंबरचा पिस्टन बराच खाली गेलेला असू द्या. मग इंजिन अलगद, त्याच्या चालीच्या दिशेने फिरवा. पिस्टन अडला की स्थिर टोकासमोर पुलीवर बारीक पेन्सिलीने रेघ मारा. आता उलट दिशेने फिरवत न्या, दुसऱ्या बाजूने अडेल तिथे दुसरी रेघ मारा. जोर लावायचा नाही. आणि अडतोय तो पिस्टनच आहे, व्हॉल्व्ह नव्हे, याची खात्री करायला दोन्ही वेळा पुन्हा एकदा फिरवून बघा. कागदाची पट्टी पुलीला गुंडाळून दोन रेघांमधले लहान अंतर मोजा. समजा ते ६२ मिलिमीटर भरले, तर ३१ वर खरी टीडीसी. कारखान्याची खाच तिथेच असेल तर उत्तम. नसेल तर मधल्या जागी करवतीने बारीक खाच पाडा आणि जुनी खूण रंगाने बुजवा.

याच वेळी हवे असतील तर पुढचे अंशही कोरून घ्या. हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले ३.१४१६ भागिले ३६०. १५० मिलिमीटरच्या पुलीवर १० अंश म्हणजे १३.१ मिलिमीटर, १३० मिलिमीटरच्या पुलीवर ११.३ मिलिमीटर. व्यास व्हर्नियर कॅलिपरने घ्या, फूटपट्टीने नको. बीटीडीसीच्या (टीडीसीच्या आधीच्या अंशांच्या) खुणा पुलीवर कोणत्या बाजूला येतात यात बरेच जण फसतात. इंजिन चालीच्या दिशेने फिरताना स्थिर टोकासमोरून आधी जाते ती बीटीडीसीची खूण, मग टीडीसी.

मोजण्याआधी इंजिनाची तयारी

पहिले काम सीबी पॉइंटचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचे. टायमिंग आधी आणि पॉइंट नंतर, असा क्रम ठेवला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण पॉइंट उघडण्याचा क्षण हाच स्पार्कचा क्षण आहे. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते, फट कमी झाली की मागे. ड्वेल अँगल (पॉइंट मिटलेला राहतो तेवढा कोन) १ अंशाने बदलला की क्रँकवर टायमिंग साधारण १ अंशाने सरकते. ड्वेल ६० वरून ५६ झाला तर टायमिंग सुमारे ४ अंश पुढे. उलट, पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते तशी फट कमी होते आणि गाडी महिन्यागणिक आपोआप रिटार्ड होते, म्हणजे स्पार्क उशिरा पडू लागतो. लुकासच्या २५डी जातीच्या डिस्ट्रिब्युटरला फट ०.३६ ते ०.४० मिलिमीटर आणि ड्वेल ६० अंश, दोन्हीकडे ३ अंशांची मुभा. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खळगा तयार होतो. फीलर गेज त्या टेंगळावर टेकते आणि खरी फट त्याहून जास्त असते, म्हणून जुन्या पॉइंटसाठी ड्वेल मीटरच खरा.

मारुती ८०० ला तीन सिलिंडर आहेत आणि बाजारातल्या बऱ्याच ड्वेल मीटरवर ४, ६, ८ एवढेच पर्याय असतात. मीटर ६ वर ठेवा आणि ड्वेलचा आकडा दुप्पट करा. कॉइलवरून घेतलेला आरपीएमचा आकडाही ६ च्या पट्टीवर दुप्पट करायचा. ४ च्या पट्टीवर वाचलात तर दोन्ही आकड्यांना ४ ने गुणून ३ ने भागा.

इंजिन पूर्ण गरम करा. चोक आत, एसी बंद, हेडलाइट बंद. मग स्लोचा वेग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. यात आळस करू नका, कारण डिस्ट्रिब्युटरमधली वजने एका ठरावीक वेगानंतर बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे नेतात. बेस टायमिंग म्हणजे वजने मिटलेली असतानाचा आकडा. स्लो ११०० वर असेल किंवा स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील, तर तुम्ही बेस अधिक थोडा ॲडव्हान्स मोजत असता. शंका असेल तर स्लोचा स्क्रू सोडून वेग आणखी दीड-दोनशे आरपीएमने उतरवा. खूण जागची हलली नाही तर वजने मिटलेली आहेत. खूण मागे सरकली तर ती आधीच उघडायला लागली होती.

व्हॅक्यूमची नळी (कार्ब्युरेटरमधल्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी) डिस्ट्रिब्युटरकडून काढा आणि कार्ब्युरेटरकडून येणारे तोंड बंद करा. नळीत बसेल असा गुळगुळीत बोल्ट किंवा पेन्सिलीचा तुकडा पुरतो. नुसती काढून लोंबकळत ठेवली तर हवा ओढली जाऊन मिश्रण पातळ होते आणि स्लो बदलतो. ज्या गाड्यांत ही नळी थ्रॉटलच्या पात्याच्या वर जोडलेली असते तिथे स्लोला तिच्यात ओढ नसतेच, त्यामुळे नळी काढल्याने काही फरक पडायला नको. पडत असेल तर थ्रॉटलचे पाते स्लोला गरजेपेक्षा जास्त उघडे आहे. मॅन्युअलमध्ये आकड्याशेजारी 'व्हॅक्यूम नळी जोडून' असे लिहिले असेल तर अर्थात ती जोडूनच मोजा. काही गाड्यांत तसे आहे.

सीएनजीच्या गाड्यांचे वेगळे आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी शेवटची अनेक वर्षे सीएनजीवर धावल्या, आणि अशा गाड्या आता हौशी लोकांच्या हातात येतात. सीएनजीची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते म्हणून तिला जास्त ॲडव्हान्स लागतो. त्यासाठी काही किटांबरोबर टायमिंग पुढे नेणारी एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवलेली असते. बेस टायमिंग नेहमी पेट्रोलवर आणि ती पेटी सर्किटमधून काढून मोजा. मग पेटी जोडा, गाडी गॅसवर घ्या आणि त्याच आरपीएमला पुन्हा वाचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पेटी प्रत्यक्ष देत असलेला ॲडव्हान्स. फरक शून्य आला तर पेटी मेलेली आहे किंवा तिच्या वायरी तोडून टाकलेल्या आहेत, आणि दुसरी शक्यता जास्त.

चिमटा लावणे

बॅटरीला लाल पॉझिटिव्हवर, काळा निगेटिव्हवर. जुन्या इंग्रजी घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. तिथेही लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हवरच जातो. करंट ओळखणारा मोठा चिमटा एक नंबरच्या वायरवर. ॲम्बेसडर आणि पद्मिनीत एक नंबर रेडिएटरकडचा, मारुती ८०० मध्ये टायमिंग बेल्टच्या बाजूचा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून वायर बोटाने धरून प्लगपर्यंत जा, वायरवर कोणी लिहिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

सगळे चिमटे इंजिन बंद असताना लावायचे आणि बंद झाल्यावरच काढायचे. चिमट्यावर बाण असेल तर तो प्लगकडे. उलटा लावला तर काही लाइट स्पार्कच्या सुरुवातीऐवजी नंतरच्या लहरीवर पेटतात आणि आकडा काही अंश मागे दिसतो. चिमट्याच्या जबड्यात फेराइटचे दोन तुकडे असतात. ते एकमेकांवर चपखल बसले पाहिजेत. मध्ये तेलाचा थर असेल किंवा लाइट एकदा जमिनीवर पडून तुकडा तडकला असेल तर झोत मधूनमधून दांडी मारतो.

दुसरी अडचण शेजारच्या वायरींची. चारही वायरी एका जुडग्यात बांधलेल्या असल्या की शेजारच्या वायरचा करंटही चिमट्यात उमटतो. चार सिलिंडरच्या इंजिनात हे लबाडीने लपून राहते: चार नंबरच्या स्पार्कला पुलीची खूण त्याच जागी असते, आणि दोन किंवा तीन नंबरच्या स्पार्कला ती १८० अंश पलीकडे असल्यामुळे दिसतच नाही. साध्या लाइटला त्याने फारसे बिघडत नाही, पण मागे डायल असलेली लाइट झोतांवरून आरपीएम मोजून हिशेब करते, आणि तिचा आकडा पार बिघडतो. तीन सिलिंडरवर मात्र जास्तीचे झोत खूण भलत्याच जागी दाखवतात. एक नंबरची वायर क्लिपांतून सोडवून बाकीच्यांपासून हाताच्या चार बोटांएवढी दूर धरा.

चिमटा बरोबर लागला याची एक चाचणी आहे. तो प्लगजवळ, मध्यावर आणि टोपीजवळ असा तीन ठिकाणी लावून वाचा. तिन्ही आकडे १ अंशाच्या आत जुळले तर पुढे जा. तांब्याच्या तारेच्या, रेझिस्टन्स नसलेल्या वायरींवर विजेचा गोंगाट जास्त असतो. तिथे लाइटला वेगळ्या बॅटरीवरून करंट दिला की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

वाचताना

झोतात पंखा आणि पट्टा थांबलेले दिसतात. ते थांबलेले नसतात. गमछा, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, सगळे आधी काढा. लाइटच्या वायरी पंख्यापासून आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर बांधा. उन्हात झोत दिसत नाही म्हणून गाडी सावलीत घ्याल, पण शटर लावून इंजिन चालवू नका. सायलेन्सरचा धूर बाहेर गेला पाहिजे.

आता डोळा. झोत कुठूनही पडला तरी चालतो, डोळा कुठे आहे त्याने आकडा बदलतो. पुलीचा मध्य, स्थिर टोक आणि तुमचा डोळा एका रेषेत हवेत. टोक पुलीच्या कडेपासून ८ मिलिमीटर दूर असेल आणि तुम्ही २० अंश तिरके बघत असाल, तर जवळजवळ ३ मिलिमीटर, म्हणजे १५० च्या पुलीवर २ अंशांहून जास्त चूक होते. बॉनेटखाली वाकून वरून बघायची सवय ॲम्बेसडरमध्ये म्हणूनच महागात पडते, कारण टोके खाली आहेत. तिथे गाडी स्टँडवर घेऊन खालून बघणे किंवा छोटा आरसा धरणे बरे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

डायलच्या लाइटची एक साधी परीक्षा आहे. डायल शून्यावर ठेवून पुलीवरच्या अंशांवर आकडा वाचा, समजा १०. आता डायल फिरवत टीडीसीची खूण शून्यासमोर आणा. डायलवरही १० यायला हवेत. आले नाहीत तर डायल विसरा आणि लाइट साधी समजून पुलीवरचेच अंश वाचा. स्वस्त लाइटमध्ये झोत थोडा उशिरा पडतो, आणि हा उशीर वेगाबरोबर महाग होत जातो: ५० मायक्रोसेकंदांचा उशीर ९०० आरपीएमला पाव अंश, पण ६००० आरपीएमला १.८ अंश. स्लोच्या कामाला अशी लाइट चालते, वरच्या वेगाचा आकडा तिच्यावरून ठरवू नका.

आकडा बदलायचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प एवढाच सैल करा की तो हाताने जड फिरेल. रोटरच्या (टोपीखाली फिरणाऱ्या तुकड्याच्या) चालीच्या उलट दिशेने बॉडी फिरवली की ॲडव्हान्स, त्याच दिशेने फिरवली की रिटार्ड. दिशा माहीत नसेल तर टोपी काढून इंजिन हाताने फिरवून बघा. किती फिरवायचे याचा अंदाज ठेवा: ७० मिलिमीटर व्यासाच्या बॉडीची कड १ मिलिमीटर सरकली की क्रँकवर ३ अंशांहून जास्त फरक पडतो, कारण डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. लुकासच्या २५डीला बाजूला जो दातेरी नट असतो तो या बारीक कामासाठीच आहे. त्याचे साधारण ११ टिकटिक आवाज म्हणजे १ अंश. ॲडव्हान्स वाढवल्यावर स्लो वाढतो, म्हणून स्लो पुन्हा खाली आणा आणि पुन्हा वाचा. क्लॅम्प आवळताना बॉडी हमखास किंचित सरकते. आवळल्यानंतरचा आकडा हाच आकडा.

खूण नाचत असेल तर

निरोगी इंजिनात खूण एका अंशाच्या आत थरथरते. ती तीन-चार अंशांत इकडेतिकडे नाचत असेल तर 'मधला' आकडा घेऊन क्लॅम्प आवळण्यात अर्थ नाही. आधी लाइट दोषमुक्त करा: चिमटा हलवून पाहा, शेजारच्या वायरी दूर करा. मग डिस्ट्रिब्युटरकडे वळा. टोपी काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. बुश झिजलेले असतील तर शाफ्ट डुलतो आणि दर फेरीत पॉइंटची फट बदलते. ड्वेल मीटर लावून, व्हॅक्यूम नळी काढलेलीच ठेवून, स्लो आणि २००० आरपीएमचा ड्वेल बघा. ३ अंशांहून जास्त फरक म्हणजे बुश किंवा बेसप्लेट गेली.

चार सिलिंडरवर आणखी एक सोपी कसोटी आहे. चिमटा एक नंबरवरून काढून चार नंबरवर लावा. खूण त्याच जागी दिसली पाहिजे. दोघांत ३-४ अंशांचा फरक आला तर कॅमच्या कंगोऱ्यांत झीज आहे किंवा शाफ्ट वाकलेला आहे. अशा वेळी जो सिलिंडर जास्त ॲडव्हान्स दाखवतो त्याला धरून टायमिंग ठेवा, कारण खडखड आधी तिथेच सुरू होईल. ड्वेल स्थिर असेल, शाफ्ट घट्ट असेल आणि तरी खूण डुलत असेल, तर टायमिंग चेन ढिली पडली आहे. इंजिन क्रँकच्या नटाने थोडे पुढे आणि मागे फिरवून रोटर कधी हलायला लागतो ते बघितले की चेनचा प्ले कळतो. त्यावर टायमिंग लाइटकडे इलाज नाही.

रेस दिल्यावरचा आकडा

बरेच जण स्लोचा आकडा जुळवून बॉनेट बंद करतात. गाडी चालते मात्र २००० ते ४००० आरपीएमच्या मध्ये, आणि तिथला आकडा वजनांवर आणि स्प्रिंगांवर अवलंबून असतो. व्हॅक्यूम नळी बंदच ठेवून १५००, २०००, २५०० आणि ३००० आरपीएमला दोन सेकंद थांबत आकडे लिहून घ्या. एकाने एक्सलेटर धरायचा आणि दुसऱ्याने वाचायचे. तिरके उभे राहून एकट्याने दोन्ही करू नका.

आकडे टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन एका वेगानंतर थांबले पाहिजेत. १५०० लाच जवळपास सगळा ॲडव्हान्स आला तर स्प्रिंग तुटलेली किंवा निघालेली आहे. काहीच वाढला नाही तर वजने गंजून अडकली आहेत. पावसाळा उभ्या काढलेल्या गाड्यांत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, हे नेहमीचे. वर जाताना आणि खाली येताना त्याच आरपीएमला आकडे वेगळे येत असतील, तर वजने चिकटून चालत आहेत. बेसप्लेट काढून पिना साफ करा आणि थेंबभर हलके तेल द्या. पॉइंटवर तेल गेले तर तो जळतो, म्हणून थेंब म्हणजे थेंबच.

मग व्हॅक्यूम. वेग १५०० वर धरून नळी जोडा. खूण ठळकपणे पुढे सरकली पाहिजे. नसेल सरकत तर इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरच्या डबीला नळी लावून तोंडाने ओढा आणि जीभ लावून धरा. ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटला आहे. ओढ टिकली पण बेसप्लेट हलली नाही तर प्लेट जाम आहे. पडदा फाटलेली गाडी चढावर नीटच चालते. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना मात्र तिचे पेट्रोल जास्त जाते, आणि कारण सापडत नाही म्हणून लोक कार्ब्युरेटर उघडत बसतात.

लाइट नसेल तेव्हा

सीबी पॉइंटच्या गाडीत १२ व्होल्टचा छोटा बल्बही कामाचा आहे. ५ वॉटचा पुरे. त्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. प्लग काढा, चावी ऑन करा आणि इंजिन हाताने चालीच्या दिशेने सावकाश फिरवत एक नंबरच्या कॉम्प्रेशनच्या खुणेकडे आणा. बल्ब पेटतो तो क्षण पॉइंट उघडल्याचा. खूण पुढे निघून गेली तर तेवढीच मागे आणू नका. चांगली पाव फेरी मागे जा आणि पुन्हा पुढे या, नाहीतर चेनचा आणि गिअरचा प्ले तुमच्या आकड्यात शिरेल. पॉइंट मिटलेला असताना चावी मिनिटन्मिनिटे ऑन ठेवली तर कॉइल तापते. ही स्टॅटिक पद्धत एक-दोन अंशांपर्यंत नेते, आणि बंद पडलेली गाडी पहिल्यांदा चालू करायला तेवढे पुष्कळ आहे. इलेक्ट्रॉनिक पिकअपच्या डिस्ट्रिब्युटरवर मात्र ती चालत नाही.

ईसीयू असलेल्या गाड्या

डिस्ट्रिब्युटर आणि ईसीयू दोन्ही असलेल्या नव्वदीच्या गाड्यांत स्लोला ईसीयू स्वतःच टायमिंग मागेपुढे करत राहतो. त्याला बेसवर स्थिर करण्यासाठी एक तपासणीचा कनेक्टर शॉर्ट करावा लागतो. टोयोटाच्या त्या काळच्या अनेक इंजिनांत या कनेक्टरची टीई१ आणि ई१ ही टोके जोडली की १० अंश बीटीडीसी दिसले पाहिजेत. न जोडता वाचलेला आकडा टायमिंग लावायला कामाचा नाही. एका कॉइलवर दोन सिलिंडर चालणाऱ्या गाड्यांत प्रत्येक फेरीला स्पार्क पडतो, म्हणून डायलची लाइट आरपीएम दुप्पट समजते आणि डायलवरचा आकडाही दुप्पट येतो. लाइटवर टू-स्ट्रोकचा पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर आकडा निम्मा करा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या आजच्या गाड्यांत फिरवायला काहीच नाही. तिथे स्कॅनरवर दिसणारा ॲडव्हान्स हा ईसीयूने मागितलेला आकडा असतो, मोजलेला नव्हे. क्रँक सेन्सरची दातेरी चकती सरकली असेल तरी स्कॅनर निमूटपणे बरोबर आकडा दाखवत राहील. तसा संशय आला तर कॉइल आणि प्लग यांच्यामध्ये वायरचा तुकडा जोडून, त्यावर चिमटा लावून, पिस्टन अडवून कोरलेल्या खुणेवरच वाचायचे.